रहिमाबींना सांगायचं राहून गेलं

खराळवाडी, पिंपरी
मंगळवार, ता. २४ नोव्हेंबर १९८१

प्रिय जयसिंग,

सप्रेम जयभीम.

जमशेदपूरहून तुझं पत्र मला दोन तारखेला मिळालं आणि आज चोवीस आहे. मधल्या दिवसांत मी तुला दोन पत्रं टाकली आणि दोन्हींत इकडं सगळं ठीक आहे असं लिहिलं. ठीक नाही. घाबरू नकोस, तुझी लेक मित्रा बरी आहे, सूनबाई इंद्रायणी बरी आहे, दोघींना काही झालेलं नाही. तू लिहिलं होतंस की एक डिसेंबरला निगडीच्या घराचा ताबा मिळतो आहे, त्याच दिवशी बिऱ्हाड हलवा, मित्राचं पाळणाघर तेव्हापासून बंद करा, अण्णा घरी आहेतच, तेच तिला सांभाळतील. आणि खाली लिहिलं होतंस की पोर काढायचं तर रहिमाबींना महिनाभर आधी सांगावं लागतं, तो नियम पाळा, अण्णांनी आजच जाऊन सांगावं. 'आजच' या शब्दाखाली तू रेघ ओढली होतीस. ते काम माझं होतं आणि मी केलं नाही. दोन तारखेला नाही, तीनला नाही, काल दुपारपर्यंत नाही. आता एक तारखेला फक्त सात दिवस आहेत आणि त्यानंतर मित्रा दिवसभर कुणाजवळ राहणार, हा प्रश्न तुला वाटतो तसा सुटलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे. सगळं एकदम लिहिता येत नाही, हळूहळू लिहितो, मधेच सोडू नकोस.

मी रोज सांगायला म्हणून निघायचो. सकाळी साडेसहाला इंद्रायणी पहिल्या पाळीला जाते. आठला रहिमाबींचा भाऊ चांदभाई त्याच्या भाड्याच्या सायकलींपैकी एक घेऊन आपल्या दारात येतो, मित्राला पुढच्या दांडीवर बसवतो आणि मी मागून चालतो. रहिमाबींचं घर तीन गल्ल्यांवर आहे हे तुला माहीत आहे. पहिल्या गल्लीत मी मनात वाक्य जुळवायचो. दुसऱ्या गल्लीत ते पाठ व्हायचं. तिसऱ्या गल्लीत त्यांचं दार दिसायचं आणि रहिमाबी एक पोर कडेवर, एक पदराला अशा उंबऱ्यात उभ्या असायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, 'आलात भिवाभाऊ? बरं झालं. ही झोळीची दोरी बघा बरं, कुठं घासतीय.' मग दोरी बघायची. दोरी झाली की मेथी निवडायची. मेथी होईतो पोरं जेवायला बसायची. दुपारी ती झोपली की बोलू म्हणावं, तर झोपलेल्या पोरांत मोठ्यानं बोलायची सोय नाही आणि हळू बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. चार वाजता इंद्रायणी न्यायला यायची आणि दिवस संपायचा. घरी आलो की मी ठरवायचो, उद्या नक्की.

मी हल्ली दिवसभर तिथंच असतो, हे मी तुला कळवलं नव्हतं. इंद्रायणीला वाटतं, तुझी आई गेल्यापासून म्हाताऱ्याला घरात करमत नाही, म्हणून बसतो. तिनं कधी विचारलं नाही. दाराच्या आत एक लाकडी खुर्ची आहे, तिचा एक हात तुटलेला आहे, ती माझी. चांदभाई येता-जाता म्हणतो, 'राव, आमच्याकडं नऊ पोरं. आठ गोधडीवर, नववं खुर्चीवर.' पोरंही हसतात, मीही हसतो. त्याच्या बोलण्यात राग नसतो. पण त्याला जे माहीत आहे ते तुला माहीत नाही, म्हणून मला त्या हसण्याची भीती वाटते. त्याबद्दल पुढं लिहितो.

तू शिफ्टमध्ये असायचास, म्हणून तिथली रीत तू कधी नीट पाहिलेली नाहीस. तुला एवढंच ठाऊक की महिनाभर आधी सांगायचं. कंपनीत असतं तसलंच ते, असं तुला वाटत असणार. तसं नाही. रहिमाबींचा पहिला नियम म्हणजे झोपलेलं पोर त्या कुणाच्या हातात देत नाहीत. आई पाळीवरून दमून आलेली असो, घरी पाहुणे बसलेले असोत, पोर झोपलेलं असेल तर तिनं उंबऱ्यात बसायचं आणि ते उठेपर्यंत थांबायचं. इंद्रायणी सुरुवातीला फार कुरकुरायची. रहिमाबी म्हणायच्या, 'इथं झोपलं आणि तिथं उठलं तर त्याला काय कळंल ग? त्याला वाटंल, दुनिया रोज बदलती.' आणि सकाळी सोडून जाताना आईनं लपून, डोळा चुकवून जायचं नाही. पोर रडलं तरी चालेल, पण त्यानं आई जाताना बघितली पाहिजे.

आणि पोर कायमचं जायचं असेल तर तो महिना त्यांना लागतो. पहिल्या दिवशी त्या सगळ्या पोरांना गोल बसवून सांगतात की अमका आता मोठा झाला, एक महिन्यानं आपल्या घरी राहायला जाणार. मग त्या पोराची गोधडी रोज हातभर लांब सरकते. जे पोर रहिमाबींच्या कुशीत झोपायचं ते पंधरा दिवसांत भिंतीकडेला जातं, मग दाराकडं. घास भरवणं बंद होतं. शेवटच्या आठवड्यात आईनं रोज अर्धा तास येऊन सगळ्यांत बसायचं. आणि शेवटच्या दिवशी ते पोर आपल्या हातानं बाकीच्यांना गूळ-शेंगदाणे वाटतं, प्रत्येकाचं नाव घेऊन. याला त्या हात सोडवणं म्हणतात. 'उपटायचं न्हाई, सोडवायचं,' असं त्यांचं म्हणणं. एकदा सलिमा नावाच्या पोरीला तिच्या बापानं भोसरीला घर मिळालं म्हणून एका संध्याकाळी न सांगता नेलं, परत काही आणलं नाही. रहिमाबी चार दिवस तिचं दूध तापवत होत्या. ते त्यांना एवढं लागलं नाही. पाचव्या दिवशी तीन वर्षांचं एक पोर त्यांना म्हणालं, 'सलिमा मेली का?' ते लागलं. तेव्हापासून हा महिना.

मित्रा तिथं तीन महिन्यांची असल्यापासून आहे आणि आता साडेतीन वर्षांची झाली. अजून रहिमाबींच्या कुशीत झोपते. त्यांच्या हातानंच जेवते. मी दोन तारखेला सांगितलं असतं तर आज तिची गोधडी दाराशी आली असती आणि शेंगदाण्यांची तयारी चालली असती. कालपर्यंत तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. काल सकाळी ती मला म्हणाली की पुढच्या महिन्यात रहिमाबी तिला मेंदी लावणार आहेत. मी म्हणालो, हो.

इंद्रायणीशी मी खोटं बोललो. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, 'अण्णा, सांगितलंत का?' आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. उद्या सांगणारच आहे, मग आज हो म्हणायला काय हरकत, असं वाटलं. एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपोआप होत गेलं. रहिमाबी काय म्हणाल्या, असं तिनं विचारलं, तर मी म्हणालो, त्यांना वाईट वाटलं पण समजून घेतलं. हे त्यांचं बोलणं मी मनानं बनवलं. वर तिला बजावलं की इतक्यात त्यांच्यापाशी विषय काढू नकोस, त्यांना त्रास होतो. मग तिनं पिंपरी कॅम्पात जाऊन रहिमाबींसाठी एक पातळ आणलं, जांभळं, बारीक काठाचं. परवा गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी आहे. त्या दिवशी ती ते पातळ घेऊन रहिमाबींचा निरोप घ्यायला जाणार आहे. पातळ ट्रंकेवर कागदात गुंडाळून ठेवलेलं आहे आणि गेले आठ दिवस मी त्या ट्रंकेकडं पाठ करून बसतो.

आता एक जुनी गोष्ट. ती मी तुझ्याशी कधी बोललो नाही, तूही कधी विचारली नाहीस. तू पाच वर्षांचा होतास. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात माणसं घेतात असं कळलं म्हणून मी आणि तुझी आई गाव सोडून निघालो. इकडं राहायला जागा नव्हती, म्हणून तुला चिमाबाईजवळ ठेवायचं ठरलं. माझी सख्खी बहीण, तिचा जीव होता तुझ्यावर. गिरजा, तुझी आई, म्हणत होती, पोराला सांगून जाऊ, रडेल पण सांगून जाऊ. मी म्हणालो, कशाला रडवतेस, झोपेतच जाऊ. तेव्हा सगळे तसंच करायचे. पहाटेच्या गाडीनं आम्ही चाकणला उतरलो आणि पुढं आलो. तू उठलास तेव्हा आम्ही नव्हतो. चिमाबाईनं मला पुढं सांगितलं की तू रडला नाहीस. फक्त कितीतरी दिवस झोपायला तयार नव्हतास. भिंतीला टेकून बसायचास, डोळे मिटायला लागले की गालावर चापट मारून घ्यायचास. दीड वर्षानं आम्ही तुला न्यायला आलो, तर तू चिमाबाईला ओरडून सांगितलंस, 'आत्या, पाव्हणं आल्यात.' गिरजा तिथंच अंगणात खाली बसली. मी हसण्यावारी नेलं. पंचवीस वर्षं हसण्यावारीच नेलं.

तू शिकलास, सुपरवायझर झालास, जमशेदपूरपर्यंत ट्रेनिंगला गेलास. मला कधी उलट शब्द बोलला नाहीस. पण घरातून निघताना तू प्रत्येकाला हाक मारून, जातो म्हणून सांगून निघतोस, नळावर कुणी असेल तर तिथवर जाऊन सांगतोस, हे मी बघत आलो आहे. 'आजच' खालची रेघ बघितली तेव्हा मला वाटलं, या माणसाला हे का कळतं ते मला माहीत आहे. आणि तरीसुद्धा मी गप्प बसलो. का बसलो, ते आता लिहावंच लागेल. पण आधी काल काय झालं ते सांगतो, कारण ते झालं नसतं तर मी आजही लिहिलं नसतं.

काल दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई आली, शालनबाई नावाची, पिंपळे गुरववरून चालत. कडेवर पाच महिन्यांचं बाळ. तिचा नवरा वारला, श्रावणात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तिला कामावर घेतायत, एक तारखेला हजर राहायचं आहे, नाही राहिली तर जागा दुसऱ्या बाईला. ती घामाघूम झाली होती आणि बाळ तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं. रहिमाबींनी तिला पाणी दिलं, बाळाच्या तळपायाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, 'बाई, पोर न्हानगं हाय. माझ्याकडं आठ हायती. आठाच्या वर मी घेत न्हाई, मग एकाकडंबी नीट बघणं होत न्हाई. कुणी जाणारं असतं तर मी तुला आत्ता व्हय म्हणले असते. महिनाभर आधी सांगत्यात मला समदे. कुणी सांगितलेलं न्हाई.'

जयसिंग, मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. माझ्या मांडीवर मित्रा होती.

शालनबाईनं आणखी काही विनवणी केली नाही. बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दाराशी आल्यावर मलाच म्हणाली, 'आजोबा, तुम्ही इथं रोज असता वाटतं. कुणी पोर काढणार आहे असं कळलं तर सांगाल का हो? मी गुरव आळीत भावाकडं राहते.' मी मान हलवली. ती चपला घालून गेली. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो आणि मग एकाएकी ओरडल्यासारखं बोललो, 'रहिमाबी, मित्रा जाणार आहे. एक तारखेला.'

त्या पोळीचा घास मोडत होत्या. तो तसाच हातात राहिला. म्हणाल्या, 'कधी ठरलं?' मी म्हणालो, दोन तारखेला. 'कोणच्या दोन?' याच महिन्याच्या. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग एवढ्या जोरात बोलल्या की झोळीतलं पोर दचकून उठलं. 'भिवाभाऊ, पोर काय भाड्याची सायकल हाय का, आणून लावली न घेऊन गेलं?' चांदभाई बाहेर पंक्चर काढत होता, तो आतल्या बाजूला बघून म्हणाला, 'अग, सायकल नेताना पण लोक सांगून नेतात.' त्यांनी त्याला गप्प केलं. मला म्हणाल्या, 'ती बाई ऊन डोक्यावर घेऊन आली न तशीच गेली. तुमी बघत बसला. का? मला घाबरता? मी तुमाला खाते का?' मी म्हणालो, नाही. 'मग?' मी मांडीवरच्या मित्राकडं बघितलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. 'भिवाभाऊ, एक तारखेपासून पोरगी कुणाजवळ राहणार?'

मी म्हणालो, माझ्याजवळ.

'निगडीला? तुमी आन् ती? दोघंच?'

मी हो म्हणालो. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या. पुढं त्या मला एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं होतं.

आता ते लिहितो. गणपती उठले त्या आठवड्यातली गोष्ट. तू जाऊन महिना झाला होता. तेव्हा मी मित्राला दुपारी झोप झाली की रहिमाबींकडून घ्यायचो आणि स्टेशनवर गाड्या दाखवायला न्यायचो. जाताना मुंबई-पुण्याचा रस्ता ओलांडावा लागतो, तर मी तिला कडेवर घ्यायचो. त्या दिवशी आम्ही पुलाच्या पायरीवर बसलो होतो. एक मालगाडी गेली, मित्रा डबे मोजत होती, बारापर्यंत तिला येतात, मग ती परत एकपासून सुरू करते. मला तिचा 'सात' ऐकू आला. त्यानंतर काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर पाणी होतं, भोवती माणसं होती आणि मित्रा नव्हती. मी पुलावर धावलो, फलाटावर धावलो, रुळांकडं बघितलं. लोकांनी धरलं. एवढ्यात चांदभाई सायकलवरून आला आणि म्हणाला, 'राव, पोरगी घरी आहे. बसा.'

ती एकटी चालत गेली होती. तो रस्ता एकटीनं ओलांडून. त्या रस्त्यावरचे ट्रक तू बघितले आहेस. रहिमाबींच्या दारात उभी राहून म्हणाली, 'अण्णा झोपले. उठतच नाहीत.' साडेतीन वर्षांचीही नव्हती तेव्हा. ती कशी गेली, कुणी हात धरला का, कुणी ट्रक थांबवला का, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मी तिला विचारलं तर म्हणते, 'भुर्रकन गेले.' मला त्या वाटेचं स्वप्न पडतं आणि त्या स्वप्नात ती दर वेळी रस्त्याच्या मधोमध असते.

ती पहिली वेळ नव्हती. तू जायच्या आधी नळावर एकदा असंच झालं होतं, तेव्हा मी पाय घसरला म्हणून सांगितलं. आणि त्यानंतर आणखी दोनदा झालं, रहिमाबींच्या घरातच, त्या खुर्चीवर. खुर्चीचा हात तेव्हाच तुटला. चांदभाईनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त कमी पडतं, वय झालं, गोळ्या घ्या, आणि एकट्यानं जिना चढू-उतरू नका, रस्ता ओलांडू नका, लहान मूल कडेवर घेऊ नका. गोळ्या मी घेतो. त्या मी तांदळाच्या डब्यामागं ठेवल्या आहेत.

स्टेशनच्या त्या दिवशी मी रहिमाबींचे पाय धरायला वाकलो की जयसिंगला, इंद्रायणीला सांगू नका. त्या मागं सरकल्या. म्हणाल्या, 'सांगत न्हाई. पण आजपासून पोरीला घेऊन तुमी एकटे पाऊल टाकायचं न्हाई. सकाळी चांद घ्यायला येईल. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर बसायचं.' म्हणून सकाळची सायकल, म्हणून ती खुर्ची. त्या घरात मित्राला सांभाळतात ते तुला कळतंय. गेले दोन महिने मलाही सांभाळतात, हे तुला कळलेलं नाही. मी त्यांना मित्रा जाणार असं सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता जो काल विचारला, आणि मग त्या गप्प बसल्या नसत्या. माझ्या न बोलण्याचं कारण एवढंच आहे. बाकी मेथी, दोरी, झोपलेली पोरं ही सगळी निमित्तं.

मला कशाची भीती वाटली तेही लिहितो. 'अण्णा घरी आहेतच' हे तू लिहिलेलं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. मी घरात आहे म्हणून तुझं काहीतरी चालतं, असं तू पहिल्यांदा लिहिलंस. ते खोटं ठरवायचं माझ्या जिवावर आलं. मग वाटलं, निगडीला हवा मोकळी आहे, तिथं चक्कर येणार नाही. मग वाटलं, आलीच तर दाराला कडी लावून बसू. पण कडी लावून बसलो आणि पडलो, तर ती पोर आत माझ्याजवळ बसून राहील, तिला कडी काढता येणार नाही, शेजार अजून राहायला आलेला नाही. हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला. खरंच सारला, जयसिंग. आठ दिवस सारला. माझं नाव राखायला मी तिला त्या कडीच्या आत ठेवायला निघालो होतो.

काल संध्याकाळी चांदभाई सायकल काढून पिंपळे गुरवला गेला होता. गुरव आळीत दोन घरं विचारली, अंधार पडला म्हणून परत आला. आज पुन्हा गेला आहे, अजून आलेला नाही. शालनबाई भेटली तर तिचं बाळ एक तारखेपासून घ्यायचं, असं रहिमाबींनी ठरवलं आहे. मित्राचा महिनाही पुरा करायचा, तो कालपासून धरला. 'तारीख घराची असंल, पोरीची न्हाई,' असं म्हणाल्या. मित्रा महिनाभर नववी. आठाचा नियम त्यांनी माझ्यापायी मोडला आणि मला म्हणाल्या की झोळीची दोरी ओढायला तुमी बसा, सगळ्यांच्या देखत बसून जेवढं होतं तेवढं करा. 'इंद्रायणीला मी सांगत न्हाई, तुमीच सांगा,' असंही म्हणाल्या. काल सगळ्या पोरांना गोल बसवून त्यांनी मित्राचं सांगितलं. मित्रानं विचारलं, 'अण्णापण मोठे झाले का?' रहिमाबींनी तिची गोधडी हातभर लांब सरकवली.

आता तुझ्याकडं जे मागायचं ते. एक तारखेला बिऱ्हाड निगडीला जाऊ दे, ताबा सोडू नकोस. पण हा एक महिना इंद्रायणीनं सकाळी मित्राला बसनं बरोबर आणावं आणि कामावर जाताना रहिमाबींकडं सोडावं. थंडीत पोरीचे हाल होतील, मला कळतं. त्या दोघींबरोबर मीही येईन. त्या महिन्यात निगडीला कुणी सांभाळणारी बाई बघा, बालवाडी बघा, काहीही बघा, पण मित्राला माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मी ते काम करू शकत नाही. मी घरी आहे, पण मी धरण्यासारखा नाही. हे तुला महिनाभर आधी सांगायला हवं होतं, ते सात दिवस आधी सांगतो आहे, त्याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल. इंद्रायणी चारला येईल. तुझा पत्ता मी पाकिटावर लिहिला आहे, पण पाकीट चिकटवलेलं नाही. मी टाकायला गेलो तर पेटीपर्यंत जाऊन परत येईन, मी मला ओळखतो. म्हणून हे कागद मी आधी तिच्या हातात देणार आहे. ती वाचेल तेव्हा मी समोर बसेन, उठून बाहेर जाणार नाही. पाकीट तीच बंद करेल आणि तीच टाकेल. हे पत्र तुझ्यापर्यंत आलं, म्हणजे तिला कळलं असं समज.

तुझाच,
अण्णा